पडद्यावरचे भय, घरातला भरवसा

२०१७ च्या ऑगस्ट महिन्यात ‘ब्लू व्हेल’ हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. मुंबईतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूचा संबंध प्रसारमाध्यमांनी या तथाकथित खेळाशी जोडला आणि पाहता पाहता देशभर भीतीची लाट उसळली. केंद्र सरकारने इंटरनेट कंपन्यांना त्या खेळाचे दुवे काढून टाकण्याचे निर्देश दिले. अनेक शाळांनी पालकांना सावधगिरीची पत्रे पाठवली. घरोघरी मुलांचे मोबाइल तपासले गेले आणि ‘तू तो खेळ खेळतोस का?’ हा प्रश्न दरडावून विचारला गेला.

पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी लक्षात ठेवले नाही. या घटनांची छाननी करण्यासाठी केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली होती. जानेवारी २०१८ मध्ये तिचा निष्कर्ष लोकसभेत सांगण्यात आला. तपासलेल्या एकाही घटनेत ‘ब्लू व्हेल’चा संबंध प्रस्थापित होऊ शकला नव्हता. त्यानंतर वर्षभरातच ‘मोमो’ नावाच्या विद्रूप चेहऱ्याची अशीच आवई उठली. असे आव्हान देणाऱ्या चित्रफितींचा पुरावा आपल्याला आढळलेला नाही, असे यूट्यूबने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. राक्षस सापडला नाही, पण त्याचे नाव मात्र वडीलधाऱ्यांच्याच तोंडून लहानग्यांपर्यंत पोहोचले.

याच काळात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, लंडनमधील एका १४ वर्षांच्या मुलीने आपले आयुष्य संपवले. तिच्या मृत्यूची न्यायिक चौकशी सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा जे पुढे आले ते कोणत्याही आवईपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे होते. अखेरच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, पसंती दिलेल्या किंवा इतरांना पाठवलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणे आणि आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. त्यांतले बरेच काही तिने शोधलेही नव्हते. यंत्राने ते आपणहून तिच्यापुढे आणून ठेवले होते. नैराश्याबरोबरच समाजमाध्यमांवरील सामग्रीच्या दुष्परिणामांचाही तिच्या मृत्यूला हातभार लागला, असा स्पष्ट निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्याने नोंदवला.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की, पालकांची चूक नेमकी कोठे होते ते दिसू लागते. भारतातील पालक एका नाव असलेल्या शत्रूचा शोध घेत होते. लंडनमधील खऱ्या संकटाला नावही नव्हते आणि चेहराही नव्हता. ते रोज थोडे थोडे, शेजारच्या खोलीत, आवाज न करता येत होते. अशा संकटाची पहिली खबर घराला दुसरे कोण देणार? ती केवळ ते मूलच देऊ शकते. म्हणूनच मुलांच्या संरक्षणाचा विचार करताना कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो. भयंकर काही दिसले, तर आपले मूल न घाबरता आपल्याकडे येईल का, हा प्रश्न पहिला आहे.

यंत्राला कारण कळत नाही

इंटरनेटवरील वाईट गोष्टी मुले मुद्दाम शोधून पाहतात, असा अनेक पालकांचा समज असतो. काही वेळा तसे घडतेही. परंतु बहुतांश समाजमाध्यमांची रचना अशी आहे की, पाहणाऱ्याने शोधावे अशी गरजच उरत नाही. कोणत्या चित्रफितीवर नजर किती क्षण थांबली, ती पुन्हा पाहिली का, शेवटपर्यंत पाहिली का, याची नोंद यंत्र ठेवते आणि त्यावरून पुढचे ठरवते. नजर आवडीने थांबली की भीतीने, हे त्याला कळत नाही. अपघाताचे दृश्य पाहून एखादे मूल थिजून गेले, तर त्या थिजण्याचा अर्थ यंत्राच्या लेखी ‘याला हे हवे आहे’ असाच होतो. जे पाहून मूल हादरते, तेच त्याला पुन्हा दाखवले जाण्याचा धोका असतो.

कंपन्यांची चाळणी यावर पुरेशी ठरत नाही, हेही वेळोवेळी दिसून आले आहे. २०१७ मध्येच असे उघडकीस आले की, मुलांच्या ओळखीच्या कार्टून पात्रांची रूपे वापरून हिंसक आणि किळसवाण्या चित्रफिती यूट्यूबवर पसरवल्या जात होत्या. खास लहान मुलांसाठी काढलेल्या ॲपमध्येही त्यांतील काही शिरल्या होत्या. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले असते, तरी तिला नेहमीचेच कार्टून दिसले असते. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे ५१ जणांची हत्या करणाऱ्या हल्लेखोराने आपल्या कृत्याचे थेट प्रक्षेपण केले. त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती पहिल्या २४ तासांत काढून टाकल्याचे फेसबुकने जाहीर केले होते. त्यांपैकी १२ लाख प्रसारित होण्यापूर्वीच अडवल्या गेल्या. याचा सरळ अर्थ असा की, उरलेल्या तीन लाख आधी चाळणीतून निसटल्या होत्या.

तेव्हा कितीही काळजी घेतली, तरी आपल्या मुलाच्या डोळ्यांसमोर कधी ना कधी काहीतरी विपरीत येणारच, हे गृहीत धरणे शहाणपणाचे आहे. कुंपण घालावेच. परंतु कुंपणातून काही आत आले, तर पुढच्या तासाभरात घरात काय घडते, यावर मुलाचे मन कसे सावरते हे अवलंबून असते.

मूल का सांगत नाही?

भयंकर दृश्य पाहिलेले मूल बहुधा गप्प राहते. त्याची कारणे साधी आहेत. मोबाइल कायमचा काढून घेतला जाईल, ही पहिली भीती. ‘तुला कोणी सांगितले होते ते बघायला?’ या प्रश्नाची दुसरी. जे पाहिले ते अश्लील असेल, तर लाज जीभ बांधून ठेवते. लहान मुलांकडे अनेकदा शब्दच नसतात. त्यांची झोप उडते, ती अंधारात एकटी जायला नकार देतात, पोट दुखते म्हणून शाळा चुकवतात. आई-वडील दिवसभराच्या कामाने थकून येतात, त्यांना त्रास नको, एवढा पोक्त विचार करून गप्प बसणारी मुलेही असतात.

दुर्दैवाने शिस्तीच्या सद्हेतूनेच आपण ही शांतता अधिक घट्ट करतो. सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर न सांगणे हाच शहाणपणा, असा धडा मूल घेते आणि तो धडा ते पुढे फार काळ विसरत नाही. दहाव्या वर्षी रागावणे खाल्लेला मुलगा पंधराव्या वर्षी अनोळखी माणसाच्या धमकीचा निरोप घरी दाखवत नाही. मुलांची छायाचित्रे मिळवून त्यांना धमकावणाऱ्यांचा सारा धंदा याच मौनावर चालतो. ‘घरी कळले तर काय होईल?’ हे त्यांचे शस्त्र असते. ज्या घरात मुलाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते, तेथे ते शस्त्र बोथट होते.

यासाठी घराघरात एक वचन आधीच दिले गेले पाहिजे. जे दिसले ते सांगितल्याबद्दल रागावणार नाही आणि सांगितले म्हणून मोबाइल काढून घेणार नाही, असे ते वचन असावे. आई आणि वडील दोघांनी ते मिळून द्यावे आणि प्रसंग आला की तंतोतंत पाळावे. मूल सांगू लागले की हातातले काम बाजूला ठेवावे. ‘बरे झाले सांगितलेस’ एवढे तीन शब्द पहिल्यांदा उच्चारावेत. ‘दाखव पाहू काय होते ते’ अशी घाई करू नये, कारण त्यामुळे मुलाला तेच पुन्हा पाहावे लागते. त्याने काय पाहिले यापेक्षा त्याला काय वाटले, हे आधी ऐकावे. सहा वर्षांच्या मुलाला ते दृश्य खरे होते का आणि आपल्या घरी तसे होईल का, एवढेच बहुधा जाणून घ्यायचे असते. त्याला जवळ घेऊन खरे, पण थोडक्यात सांगावे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हे कोणी आणि का पसरवले, असे प्रश्न पडतात. त्याच्याशी समजूतदार माणसाशी बोलावे तसे बोलावे.

त्यानंतरचे काही दिवस झोप, भूक आणि वागणूक यांकडे लक्ष असावे. भीती ओसरत नसेल किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर वेळ न दवडता डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे दूरध्वनी करणे हा कमकुवतपणा नव्हे. ताप आल्यावर आपण डॉक्टरांकडे जातो, तितकेच ते स्वाभाविक आहे.

वडीलधाऱ्यांच्या खिशातला मोबाइल

मुलांनी काय पाहावे याची चर्चा करताना घरातील मोठ्यांच्या मोबाइलकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अपघातातील मृतदेह, जमावाची मारहाण, कोणाच्या तरी अखेरच्या क्षणांचे चित्रण हे सारे कुटुंबाच्या, सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून रोज फिरत असते. ‘सावध राहा’ किंवा ‘सर्वांना कळवा’ अशी ओळ जोडली की, पाठवणाऱ्याला आपण समाजकार्य केल्याचे समाधान लाभते. ती चित्रफीत आजोबांच्या मोबाइलमध्ये आपोआप उतरते आणि संध्याकाळी नातू तोच मोबाइल खेळायला घेतो.

या सवयीची किंमत महाराष्ट्राने एकदा रक्ताने मोजली आहे. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा चित्रफितींच्या आधारे देशभर फिरत होती. त्यांपैकी एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने अशाच संशयावरून पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा परिसरातून आलेले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मुलांच्या काळजीपोटी पसरवलेल्या संदेशांनी निरपराधांचे प्राण घेतले आणि त्या हत्येची चित्रफीतही पुन्हा मोबाइल-मोबाइलमधून फिरली. ती किती मुलांनी पाहिली असेल, याचा हिशेब कोण देणार?

म्हणून शिस्तीचा आरंभ मोठ्यांपासून व्हावा. मृत्यूचे किंवा हिंसेचे कोणतेही चित्रण पुढे पाठवायचे नाही, हा नियम कुटुंबाच्या गटात एकदा ठरवून घ्यावा. व्हॉट्सॲपमधील छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरवण्याची सोय बंद करावी. आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये हे काम नातवंडांनीच करून द्यावे. त्यांना ते आवडते आणि नियम सर्वांना सारखा आहे, हेही त्यांना आपोआप उमगते.

कुंपण कसे असावे?

भरवसा म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हाती स्वतंत्र मोबाइल देण्याचे कारण नाही. गूगलच्या शोधसेवेत ‘सेफ सर्च’ सुरू ठेवावे, यूट्यूबवर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ वापरावा आणि एकामागून एक चित्रफिती आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. ‘फॅमिली लिंक’सारख्या विनामूल्य साधनातून वेळेची मर्यादा घालता येते आणि कोणती ॲप वापरायची तेही ठरवता येते. समाजमाध्यमावर खाते उघडताना मुलाचे खरे वय नोंदवावे. खोटे वय टाकून दिले की, मुलांसाठी म्हणून असलेले संरक्षणही आपणच काढून घेतो. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांसाठी वेगळ्या, अधिक बंधने असलेल्या खात्यांची योजना आणली आहे. खरे वय नोंदवणाऱ्यांनाच तिचा लाभ होतो.

याहून परिणामकारक उपाय मात्र अगदी साधे आहेत. मोबाइल बैठकीच्या खोलीत वापरावा आणि रात्री सर्वांचे मोबाइल तेथेच चार्जिंगला लागावेत, त्यात आई-वडिलांचेही असावेत. कोणते बंधन का घातले आहे, हे मुलाला उघडपणे सांगावे. चोरून ठेवलेली पाळत उघड झाली की विश्वास तुटतो आणि तो सांधायला फार काळ लागतो.

काही जण विचारतील की, मग मोबाइलच का देऊ नये? लहान वयात न देणे योग्यच. परंतु २०२० आणि २०२१ मधील महामारीच्या काळात शाळा मोबाइलवर भरली आणि त्यानंतर तो अभ्यासाचाच भाग होऊन बसला. आपल्या घरी नसेल, तर मित्राच्या हाती असतो. बंदीने वेळ मिळतो. त्या वेळेत मुलाची तयारी करून घेतली, तरच तिचा उपयोग.

कायदा आणि तक्रार

या लढाईत पालक एकटे नाहीत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवर बंदी लागू केली. तेथे दंड मुलांना किंवा पालकांना होत नाही, कंपन्यांना होतो, ही त्या कायद्यातील लक्षणीय गोष्ट आहे. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली असून, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे.

तक्रार करताना एक खबरदारी अत्यावश्यक आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण कोठे आढळले, तर ते ‘पुरावा’ म्हणून जतन करू नये आणि ‘इतर पालकांना सावध करण्यासाठी’ गटात तर मुळीच पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार ते पाहणे, उतरवून घेणे आणि पसरवणे गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बाळगण्यासंबंधीही कठोर भूमिका स्पष्ट केली आहे. खात्याचे नाव, दुवा आणि वेळ यांची नोंद करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. अशा प्रकरणांत नाव न देताही तक्रार करता येते. संकटातील मुलांसाठी असलेला १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. या सेवेचा उगम १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून झाला.

भोंगा वाजल्यानंतर

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. महामारीनंतर मुलांचे अभ्यासातून लक्ष उडाल्याचे पाहून २०२२ मध्ये या गावाने एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद व्हायचे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांसी या गावाने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्ही निर्णयांमागची तळमळ सारखीच आहे. परंतु वडगावच्या निर्णयात एक विशेष आहे. भोंगा वाजला की मुलांबरोबर मोठ्यांनीही पडदा बंद करायचा असतो. जो नियम वडील स्वतः पाळतात, त्याबद्दल मुलाची तक्रार राहत नाही.

मराठी घरांना ही वेळ नवी नाही. दिवेलागणीला मुलांनी घरी परतावे, हातपाय धुऊन शुभंकरोती आणि परवचा म्हणावा, मग आजीजवळ बसून दिवसभरातले सांगावे, अशी रीत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत घरोघरी होती. त्या रीतीत पाठांतर होते तसा संवादही होता. शाळेत कोणी मारले, कोण काय बोलले, हे याच वेळी बाहेर यायचे. परवचा मागे पडला, त्याबरोबर सांगण्याची वेळही गेली आणि तिची जागा पडद्याने घेतली.

ती वेळ परत मिळवणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. त्यासाठी गावाचा भोंगा लागत नाही. वस्तीतील वाचनालये, महिला मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे यांनी पालकांसाठी एकेक संध्याकाळ राखून ठेवली, मोबाइलमधील संरक्षणाच्या सोयी जाणत्या तरुणांनी ज्येष्ठांना समजावून दिल्या, तर हे काम सोसायटी-सोसायटीत उभे राहू शकते. मूळ काम मात्र घरातच होणार आहे. रोज अर्धा तास सर्वांचे मोबाइल बाजूला ठेवून मुलाला बोलू द्यावे. बहुतेक दिवस ते क्रिकेटविषयी, डब्याविषयी, बाईंविषयी बोलेल. तेही तितक्याच लक्षपूर्वक ऐकावे. ज्याचे साधे बोलणे घरात ऐकले जाते, तेच मूल भयंकर काही दिसल्यावर घरी सांगायला येते.